दोन्ही टोकांनी लिहिलेला पेपर

चौथी शिकलेल्या बायका कॉलेजात जात होत्या असे मी सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर अजूनही एक शंका उमटते. पण ते खरे आहे. यवतमाळात तेव्हा नवे कॉलेज निघाले होते. गावाबाहेरच्या मुरमाड माळावर त्याची लांबट, पत्र्याच्या छपराची इमारत उभी होती आणि तिच्यातला एक वर्ग सकाळी सात ते दहा आमच्या स्वाधीन असे. कॉलेजची मुले अकराला येत. त्याआधी आम्ही येत असू: कुणी माझ्यासारखी सतरा वर्षांची, कुणी चाळिशीला टेकलेली, कुणी दुसरीतून उठवलेली, कुणी चौथी पास होऊन अक्षरे विसरलेली. कागदावर त्याचे नाव प्रौढ महिलांचा पायाभूत अभ्यासवर्ग असे होते. एवढे लांब नाव कोण घेणार? आम्ही त्याला ‘कालेज’ म्हणत असू, आणि मग आमच्या चाळीतल्या बायकांनी तो शब्द नळावर नेला. मी घागर घेऊन गेले की एखादी हमखास म्हणे, “सरका वं, कालेजवाली आली. तिले आधी भरू द्या पाणी, नाही त तिचा तास बुडन!” आणि मग सगळ्या खरोखरच सरकत. थट्टेत थोडा मानही होता, हे मला फार उशिरा कळले.

आमची चाळ जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या, मागच्या भिंतीला लागून होती. माझा बा त्या जिनिंगमध्ये कामाला होता. दिवाळीपासून होळीपर्यंत भिंतीपलीकडे यंत्रांची अखंड घरघर चाले. ती इतकी आमच्या अंगात मुरलेली की हंगाम संपून यंत्रे थांबली की पहिले दोन दिवस आम्ही एकमेकांशी विनाकारण ओरडून बोलत असू. हंगामात हवेत कापसाची लव तरंगे. ती दिव्याच्या काचेवर बसे, मायच्या भुवयांवर बसे, परातीतल्या पिठावर बसे. सरकीचा तेलकट, किंचित गोड वास अंथरुणातही असे. चौथीनंतर मी त्याच जिनिंगच्या आवारात बसून चांगल्या कापसातून पिवळा, किडका कापूस वेगळा काढण्याचे काम करू लागले होते. दिवसभर बोटांना पांढरे आणि पिवळे एवढीच दोन उत्तरे द्यायची असत. मी ते काम नाखुशीने करत नव्हते. नजर बारीक कशी करायची हे मला त्या ढिगाऱ्यांनी शिकवले, आणि पुढे ओळीतला किडका शब्द निवडताना तीच नजर माझ्या उपयोगी पडली.

धम्मदीक्षा घेऊन बा नागपूरहून परतला, तेव्हा मी लहान होते. पायांवर धूळ, ओठ सुकलेले, आवाज बसलेला. तांब्याभर पाणी पिऊन त्याने मायला एवढेच सांगितले, “शकूले शिकवाचं.” माय म्हणाली, “शिकवून राह्यलो ना.” “पुढं शिकवाचं,” बा म्हणाला. पण पुढे म्हणजे कुठे, ते दोघांनाही ठाऊक नव्हते. चौथी झाली, धाकटी भावंडे झाली, मी जिनिंगमध्ये बसले, आणि बाचा तो शब्द घरात तसाच राहिला. कुणी त्याला हात लावत नव्हते, कुणी तो विसरतही नव्हते. म्हणून हा वर्ग निघाल्याचे समजले, त्या दिवशी बा जेवता जेवता उठला, हात धुतले आणि माझे नाव नोंदवायला तडक निघाला. मायने त्याचे ताट झाकून ठेवले. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर होती, हेही मला आठवते.

वर्ग चालवायच्या पाटणकरबाई. वकिलांच्या घरातल्या, तिशी ओलांडलेल्या, अविवाहित. अंगावर बारीक काठाचे पांढरे पातळ. त्या सर्वांना ‘तुम्ही’ म्हणत, मलासुद्धा. “शकुंतला, तुम्ही वाचा.” ‘तुम्ही’ म्हणजे दुसरी कुणी असे समजून, ती उभी राहील म्हणून मी पहिल्या दिवशी वाट पाहत बसले होते. त्यांनी आम्हाला भाषा आणि गणित तर शिकवलेच, पण अर्ज कसा लिहायचा, तापमापी कशी वाचायची, एस.टी.च्या वेळापत्रकातून आपली गाडी कशी शोधायची, हेही शिकवले. जिल्ह्याचा नकाशा भिंतीवर टांगला, तेव्हा सगळ्या बायका त्याच्याभोवती गोळा झाल्या. दारव्हा सापडले, घाटंजी सापडली. गिरजामावशीने दक्षिणेकडच्या कडेला उमरखेड शोधले. तिची बहीण तिथे दिलेली होती. दोन बोटांत ते अंतर मापून ती म्हणाली, “इतकुसं हाय उमरखेड? मंग थे एस.टी. दिवसभर काय करते वं?” पाटणकरबाई हसल्या. त्यांना हसताना आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

सकाळी वर्गात शिरताना फळ्यावर कधी कधी आदल्या दिवशीचे पुसायचे राहिलेले असे. एकदा तिथे एका कवितेच्या तीन ओळी उरल्या होत्या. चौथी अर्धवट पुसलेली. वर्ग भरेपर्यंत मी त्या पुसलेल्या जागेत आपले शब्द बसवून पाहत राहिले. कविता कुणाची होती हे मला आजही माहीत नाही, आणि शोधण्याची इच्छाही मी कधी होऊ दिली नाही. खडूच्या धुळीतून उरलेल्या त्या अर्ध्या ओळीपाशी मी कवितेच्या प्रदेशात शिरले, एवढेच मला पुरते.

गिरजामावशीबद्दल थोडे सांगितले पाहिजे. ती चाळिशीची, कुणब्याची, नवऱ्याने टाकलेली आणि भावाच्या घरी राहणारी. भावजय वाईट नव्हती, पण घरात आपल्यासाठी म्हणून वेगळी भाकर थापावी लागते, हे मावशीला दिवसातून दोनदा दिसत असे. सरकारी दवाखान्यात परिचारिकांच्या हाताखाली काम करणाऱ्या बायकांसाठी प्रशिक्षण होते. राहायला खोली मिळत असे. त्याला आमच्या वर्गाचे दुसरे वर्ष केलेली बाई चालत होती. मावशीचे सारे मन त्या खोलीत जाऊन बसले होते. “खिडकी असन का वं त्या खोलीले?” ती मला विचारी. ती सावकाश वाचायची, त्याहून सावकाश लिहायची. बेरजा बोटांच्या पेरांवर करायची आणि त्या कधी चुकत नसत. कागदावर उतरवताना मात्र आकडे जागा बदलत. आम्ही दहा वाजता पायऱ्यांवर शिदोरी सोडत असू. सुरुवातीला तिचा डबा दूर असे. मग एके दिवशी तिने माझ्या फडक्यातली जवसाची चटणी मागितली. चटणी कोरडी, म्हणून तिला चालायची. ओली भाजी चालत नव्हती. मी ते समजून होते आणि चटणी थोडी जास्तच आणत होते. माझ्या मनात राग नव्हता का? होता. पण चटणी चाखून ती डोळे मिटायची, तेव्हा तो राग कुठे ठेवावा हे मला उमगत नसे.

रविवारी मी मायबरोबर दारव्ह्याच्या वाटेवरच्या शेतात निंदायला, पिकातले गवत काढायला, जात असे, आणि गिरजामावशीही तिथे येई. निंदताना प्रत्येक बाई काही ओळींचा पट्टा धरते. त्याला पात म्हणतात. सगळ्या एका बांधापासून निघतात, खुरपी चालू लागतात, ओल्या मातीचा आणि तुटलेल्या गवताचा हिरवट कडू वास नाकात भरतो. थोड्याच वेळात कुणी पुढे जाते, कुणी मागे पडते. पुढे गेलेली बाई आपली पात संपवून पलीकडच्या बांधावर पोचली, की ती सावलीत बसत नाही. मागे पडलेलीची पात ती पलीकडच्या टोकाकडून निंदत येते. दोघी समोरासमोर सरकत येतात आणि मधे कुठे तरी त्यांची खुरपी भेटतात. त्यासाठी कुणाला बोलवावे लागत नाही, आभार मानावे लागत नाहीत. पाणी त्या शेतात वेगळे होते. आम्हाला वरून ओतून मिळे. पण पात कुणाची आहे, हे कुणी पाहत नसे. मावशी हळू होती, म्हणून बहुतेक वेळा समोरून मीच जात असे.

पोळा झाल्यावर आमची चाचणी ठरली. शिक्षण खात्याचे एक साहेब येणार होते. वर्गाने नीट केले तर दुसरे वर्ष मिळणार, नाही तर कॉलेजला ती खोली परत हवीच होती. हे पाटणकरबाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितले. त्यांनी आमच्याकडून पाढे घोटून घेतले, अर्जाचे मायने घोटून घेतले, टाक दौतीत किती बुडवावा तेही दाखवले. शिकवणारीने त्या वेळी वर्गात थांबायचे नसते, म्हणून चाचणीच्या दिवशी त्या बाहेर व्हरांड्यात बसल्या. साहेब आत टेबलाशी आपले कागद लिहीत होते: जाड भिंगाचा चष्मा, शांत चेहरा. आठ प्रश्न होते. मी लवकर लिहिले. सगळे लिहून झाल्यावर वर पाहिले, तर गिरजामावशी दुसऱ्याच प्रश्नावर वाकलेली, कपाळावर घाम, ओठ हलताहेत. मी माझी दौत उचलली, तिच्या बाकावर जाऊन बसले, तिच्या कागदांतला शेवटचा कागद ओढला आणि आठवा प्रश्न लिहू लागले. तिने मान वर करून पाहिले, थोडी सरकून जागा दिली आणि पुन्हा खाली वाकली. मग मी सातवा लिहिला, मग सहावा. ती तिसऱ्यावरून चौथ्यावर आली. इतर बाकांवरही असेच चालू झाले होते. साहेबांनी एकदा मान वर केली. बहुधा शाई संपली म्हणून बायका दौती वाटून घेताहेत, असे त्यांना वाटले असावे. पाचवा प्रश्न आम्ही दोघींनी मिळून केला.

मला ठाऊक नव्हते का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला आहे. गावच्या शाळेतली आमची चौथीची परीक्षा तोंडी झाली होती. उभे राहायचे, म्हणून दाखवायचे, बसायचे. लेखी परीक्षा मी त्याआधी पाहिली नव्हती, हे खरे. तरी काही तरी अंधूक जाणवले असले पाहिजे, कारण उठताना मी एकदा साहेबांकडे पाहिले होते. पण समोर अर्धी पात पडली आहे आणि आपण हात बांधून बसलो आहोत, ही लाज त्या अंधूक जाणिवेहून कितीतरी स्पष्ट होती.

साहेबांनी कागद गोळा केले, चाळले आणि मावशीच्या कागदांवर थांबले.

“हे कोणी लिहिलं?”

मावशी उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर समाधान होते. “म्या लिवलं जी, वरतून. खालतून शकूनं लिवलं.”

“म्हणजे तुम्ही नक्कल केलीत?”

“नक्कल काहून करू जी? तिनं तिचं तिच्या कागदावर लिवलं. माहं उरलं होतं, थे तिनं माह्या कागदावर लिवलं.”

साहेबांनी चष्मा काढला. मागच्या बाकावरून रुक्माबाई मदतीला धावली. ती आमच्यातली सर्वांत तिखट. “तिचा त झालता ना साहेब पेपर! मंग रिकामी बसून काय करे थे, माशा मारे?” दोघीतिघी हसल्या. साहेब हसले नाहीत. पुन्हा चष्मा लावून त्यांनी बाकीचे कागद एकेक करून पाहिले आणि तसेच टेबलावर पालथे ठेवले. कितीतरी कागदांवर दोन हस्ताक्षरे होती, वरून एक आणि खालून एक.

पाटणकरबाईंना आत बोलावले गेले. त्यांनी ते कागद पाहिले आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आता त्या आम्हाला बोलतील, असे वाटून मी नखांकडे पाहत राहिले. नखांत शाई होती.

“साहेब, चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पेपर ज्याचा त्याने एकट्याने लिहायचा असतो, हे मी यांना सांगितलंच नाही.”

“हे सांगावं लागतं?”

“लागतं,” बाई म्हणाल्या. “मला आत्ता कळलं.”

साहेबांनी कागदांचा गठ्ठा सरळ केला. मग म्हणाले, की हे कागद ते ग्राह्य धरू शकत नाहीत. पण उद्या दुपारच्या गाडीपर्यंत ते यवतमाळातच आहेत. सकाळी नवे प्रश्न देतील. “ज्यांचं लिहून होईल त्यांनी कागद पालथे घालून बाहेर जावं. बसायचं असेल तर आपल्या जागी गप्प बसावं. एकही बाई जागची हलली, तर मला वर्गाच्या विरुद्ध लिहावं लागेल.”

संध्याकाळी घरी मी हे सांगितले, तेव्हा माय चुलीपुढे बेसनाचे चून ढवळत होती. तिने पळी थांबवली. “मंग त्यात चुकलं काय?”

“तिथं ज्याची त्याची पात वेगळी असते,” बा म्हणाला. तो दाराशी बसून पायाला तेल लावत होता.

“अन् गिरजा मागं पडली त?”

“पडली त पडली.”

“अशी कशी वं शाळा?” माय मला म्हणाली, जणू ती मीच काढली होती. बाने तेलाची वाटी बाजूला ठेवली आणि माझ्याकडे पाहिले. “शकू, उद्या जागची उठू नको. काहीबी झालं तरी. तू उठली त सगळ्याइची शाळा जाईन.” मग तो हळू आवाजात म्हणाला, “मले समजते, बाई.” चुनाचा रट्‌रट् आवाज येत राहिला. त्या दिवशी कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतले नाही.

निकाल इथेच सांगून टाकते, कारण मला लिहायचे आहे ते निकालाबद्दल नाही. आमच्या वर्गाला दुसरे वर्ष मिळाले. गिरजामावशी भाषेत पास झाली, गणितात थोडक्यात राहिली. साहेबांनी तिला दुसऱ्या वर्षात बसू दिले आणि गणित पुन्हा द्यायला सांगितले. ते तिने दिले. दवाखान्यातल्या तिच्या खोलीला खिडकी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एकेका बाकावर एकेक बसलो. पत्र्यावर ऊन तापू लागले होते. टाकांची करकर, कुणाच्या बांगड्यांचा किणकिणाट, गिरजामावशीचे पुटपुटणे. मी पुन्हा लवकर लिहिले, कागद पालथे घातले आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले. माझ्या आणि मावशीच्या मधे दोन बाक होते. ती तिसऱ्या प्रश्नावर अडली होती. अंगठा पेरांवरून फिरे, टाक कागदावर येई, काही न लिहिता परत जाई. उत्तर मला येत होते. ते माझ्या घशापर्यंत आले होते. आयुष्यात पुढे मी कितीतरी परीक्षा दिल्या, कितीतरी घेतल्या, पण हात मांड्यांखाली धरून बसलेल्या त्या तासाइतकी अवघड एकही नव्हती. मी पुढे निघाले होते आणि मला वळायची मनाई होती. शिकणे म्हणतात ते हेच असेल का, असे मनात आले, आणि मला ते शिकणे आवडले नाही.

रुक्माबाईचे लिहून झाले. घरी तिचे तान्हे होते. तिने कागद पालथे घातले, उठली, दारापर्यंत गेली. उंबऱ्यावर तिचा पाय थबकला. तिने वळून मावशीकडे पाहिले, मग साहेबांकडे. ती परत आली आणि आपल्या बाकावर बसली. साहेबांनी लेखणी खाली ठेवली. बसायला त्यांनी मनाई केलेली नव्हती. त्यानंतर जिचे जिचे झाले, तिने तिने कागद पालथे घातले आणि कुणीही उठले नाही. एकेक टाक थांबत गेला. शेवटी सबंध वर्गात एकाच टाकाचा आवाज उरला. थांबत, अडखळत, पुन्हा सुरू होत. दहा वाजून गेले. अकराला आलेली कॉलेजची मुले व्हरांड्यात जमली, खिडकीतून डोकावू लागली. पाटणकरबाई दारात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलांना थोपवून धरले. साहेबांनी घड्याळ काढून पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवले.

गिरजामावशीने टाक खाली ठेवला. बोटे झटकली, पदराने मान पुसली आणि मग वर पाहिले. सगळ्या आपापल्या जागी बसलेल्या पाहून ती गोंधळली. तिला वाटले होते, आम्ही केव्हाच गेलो असू.

“अवं बायांनो,” ती म्हणाली, “तुमाले घरी चुली नाहीत काय?”

आणि पाटणकरबाई दारातून बाजूला सरकल्या, तेव्हा आम्ही सगळ्या एकदम उठलो.